वरून धूर दिसला का?

डोंगर उतरून आलेल्या प्रत्येकाला चौधरीकाका एकच प्रश्न विचारायचे, "वरून धूर दिसला का?" समोरचा घामाघूम झालेला, बुटांत वाळू गेलेली, लक्ष सगळं भरिताच्या पातेल्याकडे. तो म्हणायचा, "हो काका, मस्त दिसला!" काका "बरं" म्हणायचे आणि त्याच्या हातात प्लेट द्यायचे. आमच्या ग्रुपमधल्या जवळजवळ सगळ्यांनी हे उत्तर कधी ना कधी दिलेलं होतं. मी दिलं नव्हतं, कारण मी वर पोचलोच नव्हतो.

आमचा ग्रुप म्हणजे फिनिक्सच्या आसपासची मराठी मंडळी. दर फेब्रुवारीत वाळवंटातला तोच एक डोंगर चढायचा आणि उतरलं की पायथ्याच्या कॅम्पवर चूल पेटवून जेवायचं. काका आमचे स्वीप, म्हणजे सगळ्यांच्या मागून चालणारा माणूस. नियम असा की कोणी दमून परत फिरला तर त्याला एकट्याला सोडायचं नाही, स्वीपनं त्याच्याबरोबर खाली यायचं. दर वर्षी कोणीतरी फिरायचंच. त्यामुळे ग्रुप सुरू झाल्यापासून अकरा वर्षं काका येत होते आणि एकदाही शिखरावर गेले नव्हते. लवकर खाली येतात म्हणून चूल तेच पेटवायचे, वांगी तेच भाजायचे. लोक त्यांना 'भरीतवाले काका' म्हणायला लागले. हा माणूस इतक्या लवकर खाली कसा येतो, हे भरीत खाताना कोणाच्या डोक्यात आलं नाही.

माझ्या पहिल्या वर्षी माझ्यासाठीच ते खाली आले. नवे बूट चावून माझ्या टाचा सोलवटल्या होत्या. काका मूळचे जळगावकडचे, चाळीस वर्षं ॲरिझोनात, रस्त्यांचे नकाशे काढण्याच्या नोकरीत हयात गेलेली. उतरताना मी दहादा सॉरी म्हणालो. शेवटी ते वैतागले. "अरे, शेवटच्याच्या मागे एक माणूस लागतो. तो मी. त्यात सॉरी काय?" खाली आल्यावर मला वांग्यांना तेल लावायला बसवलं आणि स्वतः धडधडत्या सरपणावर बाटलीतलं पाणी शिंपडू लागले. धुराचा लोट उठला. मी खोकत विचारलं, हे कशाला? म्हणाले, "वरच्यांना कळू दे, खाली कोणीतरी आहे."

पुढच्या वर्षी मी भारतात होतो. त्याच्या पुढच्या वर्षी, जानेवारीतच, काकांनी ग्रुपवर मेसेज टाकला, "या वेळी मी वर जाणार. पुढच्या वर्षी डॉक्टर सोडणार नाहीत. स्वीप दुसरं कोणीतरी व्हा." खाली पहिलं उत्तर आलं, "मग भरिताचं काय, काका?" त्याखाली वीस हसरे चेहरे. त्यातला एक माझा होता. ग्रुपच्या म्होरक्यानं, समीरनं, स्वीपचं काम स्वतःकडे घेतलं आणि जेवण रेस्टॉरंटमधून मागवायचं ठरलं.

त्या दिवशी काका चक्क पुढे चालत होते. बहात्तराव्या वर्षी, नवी टोपी घालून. शेवटच्या टप्प्यावर उभ्या कातळाला लोखंडी दोर लावलेले आहेत, ते धरून चढायचं. मी दोर धरला, खाली बघितलं आणि दोर सोडून मागे सरकलो. मागे माझी बायको होती, माझ्या ऑफिसमधली दोन पोरं होती. घाबरलो असं त्यांच्यासमोर म्हणणं मला जमलं नाही. मी गुडघा धरून खाली बसलो.

"ट्विस्ट झाला वाटतं. तुम्ही जा, मी उतरतो."

समीरनं माझ्याकडे बघितलं, वर शिखराकडे बघितलं. मग दोराला हात घातलेल्या काकांना म्हणाला, "काका, तुम्ही जाता का याच्याबरोबर? तुम्हाला सवय आहे ना!"

मी बोलायला हवं होतं. बाकीचे दोराकडे वळले, पण खोटा गुडघा माझा होता. काकांनी दोर सोडला. टोपी सारखी केली आणि म्हणाले, "चल."

अर्ध्या वाटेवर त्यांनी मला थांबवलं. "वर उजवा गुडघा धरला होतास. आता डाव्या पायानं लंगडतोयस. एक काय ते ठरव, म्हणजे मला आधार देता येईल." ते रागावले असते तर बरं झालं असतं. "भीती वाटली म्हणाला असतास तर तिथेच दहा मिनिटं बसलो असतो. मग दोघंही वर गेलो असतो," एवढंच म्हणाले.

खाली आल्यावर त्यांनी गाडीची डिकी उघडली. आत वांगी होती.

"आणली होती. असू देत म्हटलं."

दुपारी मंडळी उतरली. "धूर दिसला का?" "हो काका, एकदम क्लिअर!" रेस्टॉरंटचे ट्रे तसेच राहिले आणि भरीत संपलं.

ऑक्टोबरमध्ये काका गेले. शोकसभेत समीर म्हणाला, "काकांना शिखरापेक्षा माणसं प्यारी होती." इतकं सोयीचं वाक्य मी आजवर ऐकलेलं नाही. लोकांनी डोळे पुसले. मी उठून खरं काय ते सांगणार होतो, पण नाही उठलो.

या फेब्रुवारीत जेवण काकांच्या आठवणीत ठेवलं होतं. चूल पेटवायला चौधरीकाकू आल्या होत्या. मी वर गेलो. ज्या दोरांना घाबरलो होतो ते दहा मिनिटांत संपले. माथ्यावर पोचल्यावर मी आधी कॅम्पच्या दिशेला बघितलं. मध्ये डोंगराची एक जाडजूड सोंड आडवी आलेली. कॅम्प नाही, गाड्या नाहीत, धुराचा पत्ता नाही. पाऊण तास थांबलो. समीर फोटो काढत होता. त्याला विचारलं, "इथून धूर दिसतो का रे?"

"काय माहीत, यार. मी कधी बघितलंच नाही."

खाली उतरलो तेव्हा काकू वांगी उलटत होत्या. भरपूर धूर केला होता. मान वर न करता त्यांनी विचारलं, "धूर दिसला का रे वरून?"

त्या बाईला आता काय दुखवायचं, असं मनात आलं.

"हो काकू. छान दिसला."

त्यांचा चिमटा थांबला. "मध्ये सोंड येते. पहिल्याच वर्षी यांनी नकाशावर रेघ मारून मला दाखवलं होतं, की इथला धूर वर दिसणं शक्य नाही."

"मग विचारायचे कशाला?"

"म्हणायचे, एखाद्या वर्षी कोणीतरी 'नाही दिसला' म्हणेल. म्हणजे तो खरंच वळून खाली बघणारा. मग शेवटच्याच्या मागे त्याला ठेवीन आणि मी वर जाईन."

त्यांनी प्लेटमध्ये भरीत वाढलं आणि ती माझ्या हातात दिली. "बरं," म्हणाल्या, "जेव."