तिळाच्या तेलातला लाल

“तेलाचं मी विचारतच न्हाई,” दुर्गाबाई म्हणाली. “जिनात तुमी काय बोलले, ते सांगा.”

बद्रीनाथ ओट्याच्या कडेला बसला होता. पायाशी गोणपाट होतं आणि त्यावर शेटच्या लॉरीचा सगळा साज काढून ठेवलेला: बॉनेटवरचा नावाचा बिल्ला, तोंडावरच्या जाळीच्या पट्ट्या, दिव्यांची कडी, चाकांच्या टोप्या. दसऱ्याला तांबडं-काळं चमकणारं ते सगळं आता पांढरं, केसाळ दिसत होतं. रंगात कापसाची लव रुतून बसली होती.

“काय बोलायचं? लोक हसले, मी बी हसलो.”

“समोरची झुंबरबाई वेगळंच सांगत व्हती.”

“झुंबरबाईचं काय ऐकती तू.”

“तिचा नवरा तिथंच उभा व्हता. पुंजारामभाऊ. त्याला खोटा म्हणू का?”

आत साळूबाई सुपात डाळ घेऊन बसली होती. लेकाची बाजू पडते आहे असं वाटलं की ती बोलल्याशिवाय राहत नसे. “अगं, रंग तूच दिला न्हाई का? मंग तुजं नाव घेतलं तर काय बिघडलं?”

“मंग दसऱ्याला कामून न्हाई घेतलं, आत्याबाई?”

साळूबाईने सूप जवळ ओढलं आणि डाळीत नसलेले खडे शोधू लागली.

उत्तर बद्रीनाथजवळ होतं, पण ते घरात बोलण्यासारखं नव्हतं.

तो मूळचा पिंपळगाव रेणुकाईचा. शेत होतं, बैल होते, आणि बैलांमागे चालायला थोरले भाऊ होते. याला बैलाच्या मागे चालण्याचा लहानपणापासून कंटाळा. अंबडच्या रस्त्याला धावणाऱ्या एका लॉरीवर माल चढवायला म्हणून तो गेला आणि गाडीचं चक्र हातात घेऊनच परत आला. पुढे जालन्यात कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनाच्या शेटने त्याला ठेवून घेतलं. हंगामात खेड्यापाड्यांतून कापूस आणायचा, एरवी पेंड, सरकी, मिळेल तो माल. गावाकडची माणसं त्याला ‘डायवर’ म्हणू लागली. लग्नात, जत्रेत, कुणाच्या दहाव्याला गेला तरी ‘डायवर आले’ म्हणून सतरंजीवर जागा व्हायची. ते त्याला आवडायचं, आणि आवडतं हे लपवताही यायचं नाही. लॉरी शेटची, पण पोरंसोरं ‘बद्रीनाथची गाडी’ म्हणत. शेटसमोर कुणी तसं म्हटलं की तो खाली बघायचा, पण दुरुस्त करायचा नाही.

लढाईच्या वर्षांत पेट्रोल मिळेना, तेव्हा त्या लॉरीवर कोळशाचा वायू करणारी भट्टी बसवून ती चालवली होती. धूर, काजळी आणि पावसाने बिल्ल्यावरचा मुलामा पापुद्रे धरून गळाला. जाळीच्या पट्ट्या गंजल्या. लढाई संपली, भट्टी निघाली, पण लॉरीचं तोंड आजारातून उठलेल्या माणसासारखं राहिलं. दसऱ्याच्या आधी शेट म्हणाला, औरंगाबादहून पेंटर बोलावू. तेव्हा चार माणसांत बद्रीनाथ बोलून गेला, “पेंटर कशाला? मी घरी नेऊन करून आणतो. बिलकुल नवं.”

घरी आणल्यावर त्याने एक पट्टी रंगवायला घेतली. चक्र फिरवणारे ते हात ब्रश धरला की लाकडाचे व्हायचे. रंग पट्टीवरून ओघळून त्याच्या गुडघ्यावर आला. दुर्गाबाई चुलीपाशी बसून बघत होती. ती उठली, ब्रश त्याच्या हातातून घेतला आणि ओघळ चिंधीने पुसून काढला. जाफराबादकडच्या तिच्या माहेरी पोळ्याला बैलांची शिंगं तीच रंगवायची. शिंग तांबडं, टोक काळं, मधे पिवळी रेघ. बैल मान हलवायचा, तिची रेघ हलायची नाही. तिचे वडील दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत.

“रंग मी देते,” ती म्हणाली. “तुमी फक्त जवसाचं तेल आणा. रंग त्यातच भिजवावा लागतो, तवाच वाळतो.”

जवसाचा घाणा नदीपलीकडे. तो निघाला, पण चौकात कुणी भेटलं, चहा झाला, बोलणं निघालं, आणि परत येताना त्याच्या ध्यानात आलं की हात रिकामाच आहे. मग घरात साळूबाईची तेलाची बाटली होती ती त्याने उचलली. शनिवारी मारुतीला न्यायचं तिळाचं तेल.

दुर्गाबाईने बोट बुडवून वास घेतला. “हे तिळाचं हाये.”

“मंग? मारुतीचा शेंदूर यातच भिजवतेत ना. वर्सानुवर्सं लालभडक राहतो. गाडी काय मारुतीपेक्षा मोठी हाये?”

“मारुतीला वाळायचं नसतं,” ती म्हणाली. “त्याचा शेंदूर बोटाला लागावा म्हणूनच लोक हात लावतेत.”

“दसरा तोंडावर आला अन् तू वास घेत बस. घाल तेच.”

तिने घातलं. नवरा दोनदा बोलला की ती तिसऱ्यांदा बोलायची नाही. पण काम मात्र तिने मन लावून केलं. मधल्या खोलीत, दाराला कडी घालून. कारण साळूबाईने बजावलं होतं की डायवरची बायको लॉरीचं काम करती असं गल्लीत व्हायला नको. बिल्ल्यावरची इंग्रजी अक्षरं तिला वाचता येत नव्हती. त्यालाही येत नव्हती. तिने ती शिंगासारखी धरली: वळण कुठून निघतं आणि कुठं मुरतं, एवढंच बघितलं. काळ्यावर तांबडं अक्षर, आणि अक्षराच्या कडेला केसाएवढी पिवळी रेघ. ती रेघ कुणी सांगितली नव्हती.

दसऱ्याच्या पूजेला जिनाच्या आवारात लॉरी उभी केली, तर माणसं तोंड बघायला पुढे गेली. शेटने बिल्ल्यापाशी वाकून रेघ बघितली. “किसने किया?”

“मीच,” बद्रीनाथ म्हणाला.

तो एक शब्द बोलायला त्याला काही कष्ट पडले नाहीत. घरी येऊन त्याने शेट किती खूश झाला ते सांगितलं, पुंजाराम काय म्हणाला ते सांगितलं. दुर्गाबाई पोळी वाढता वाढता ऐकत होती. “मंग तुमी काय म्हणले?” असं तिने विचारलं. “म्हणलं, घरीच केलं,” तो म्हणाला. तिला ते पुरलं. ती जरा हसली आणि त्याच्या ताटात गुळवणी जास्त वाढली.

जाफराबादच्या पहिल्याच खेपेत त्याला कळलं. रस्त्याची धूळ रंगावर बसली ती उडेना. बोटाने पुसायला गेला तर बोट लाल झालं. त्याने ते सदऱ्याला पुसलं. सदरा धुताना दुर्गाबाईने विचारलं, हे काय लागलं? तो म्हणाला, पानाचा डाग. पान तो खात नसे. तिने सदरा पुन्हा पाण्यात बुडवला आणि त्याला वाटलं, सुटलो. रोज सकाळी गाडी काढायच्या आधी तो चोरासारखा फडकं घेऊन तोंड पुसायचा आणि रंग थोडा थोडा फडक्यावर यायचा.

मग जिन सुरू झाला. यंत्रं चालू झाली की आवारात लव तरंगायला लागते. माणसांच्या भुवया पांढऱ्या होतात, झाडं पांढरी होतात. माणसं झटकतात, झाडं हलतात. लॉरी वजनकाट्यापाशी माल उतरवत उभी राहिली, आणि उतरवून होईपर्यंत तिच्या बिल्ल्याला, जाळीला, दिव्यांच्या कड्यांना लव फुटली होती. त्याने फडकं मारलं तशी ती आणखीच आत रुतली.

पुंजाराम हमालांचा मुकादम. गोणी खांद्यावर असतानाही त्याची जीभ मोकळी असायची. “डायवर,” तो म्हणाला, “गाडीला दाढी आली की. न्हावी बोलवू, का तुमीच करता तिची बी? दसऱ्याला तुमीच केलं व्हतं म्हणून विचारलं.”

सगळे हसले. तोलणारा हसला, पाणी पाजणारी म्हातारी हसली. बद्रीनाथच्या कानशिलाला ऊब आली आणि त्याच्या तोंडातून निघून गेलं, “मी कुठं केलं? घरच्या बाईचं काम ते. बाईच्या हातचं दुसरं काय होणार?”

हसणं वाढलं. पण ते आता त्याच्यावर नव्हतं. त्याच्या अंगावरून सरकून ते गल्लीतल्या त्याच्या घराकडे गेलं होतं, आणि तिथे चुलीपुढे बसलेल्या बाईवर जाऊन पडलं होतं. कुणी म्हणालं, वहिनीनं पिठलं समजून लावलं असेल. तोही हसला. त्याला हलकं वाटलं. दिवसभर त्याला आतून टोचत राहिलं ते हेच, की त्या घटकेला त्याला हलकं वाटलं होतं.

शेट पेढीच्या पायरीवर आला. तो हसला नाही. “दसऱ्याला तर तू बोलला होता, मीच केलं. अब बोलतो बाईनं केलं. ये बराबर न्हाई, बद्री.” आणि जरा थांबून, “दिवाळीच्या पाडव्याच्या आत नीट करून दे. नाहीतर पेंटर येईल.”

तेव्हा खाली मान घालून बद्रीनाथने सांगितलं होतं, “या खेपेला मी स्वतः करतो, शेट.”

हे सगळं आता ओट्यावर, दोन बायांच्या मधे, त्याला पुन्हा ऐकू येत होतं.

“मी काय विचारून राह्यले?” दुर्गाबाई म्हणाली.

“म्हणलो,” तो म्हणाला. “तुजं नाव घेतलं. निघून गेलं तोंडातून.”

“अन् दसऱ्याला?”

“तवा मीच म्हणलो व्हतो. मीच केलं म्हणून.”

तिचा आवाज चढला असता तर त्याला बरं वाटलं असतं. “तुमी तर म्हणले, घरीच केलं.”

“घरीच केलं व्हतं ना.”

हे बोलल्यावर त्याला स्वतःचीच किळस आली.

“जवसाचं तेल आणलंय,” तो घाईने म्हणाला. “आज नदीपलीकडं जाऊन आणलं. तू फक्त हात फिरव. मधल्या खोलीत बस, कडी घाल. शेटला मी सांगितलंय, या खेपेला मी स्वतः करतो म्हणून.”

वाक्य संपता संपता त्याला ऐकू आलं आपण काय म्हणालो ते. पण वाक्य बाहेर पडलं होतं. दुर्गाबाई उठली, पदर खोचला आणि मागच्या अंगणात भांडी घासायला निघून गेली.

त्याने घासलेटात चिंधी बुडवली आणि लव सोडवायला बसला. गल्लीतून माणसं जात होती. कुणी थांबून विचारलं, काय डायवर, हजामत चालली का? तो हो म्हणाला. लव आणि रंग मिळून त्याच्या हातावर लाल लगदा झाला. पितळ उघडं पडलं, पिवळी रेघ तर सगळ्यात आधी पुसली गेली. मग त्याने जवसाच्या तेलात रंग भिजवला आणि बिल्ला मांडीवर घेतला.

पहिलं अक्षर जाड झालं. दुसरं पहिल्याला जाऊन चिकटलं. पुसून पुन्हा काढलं तर ते खाली वाहिलं. साळूबाई दारात येऊन उभी राहिली होती. तिला त्याची दया आली असावी, पण दया दाखवायची तिची पद्धत वेगळी होती.

“अक्षर हाये का गोम हाये रे ती?”

“गप बस, माय.”

“मी गपच हाये. रस्ता बघून राह्यलाय.”

समोरच्या ओट्यावर झुंबरबाई तांदूळ घेऊन बसली होती आणि तांदळाकडे तिचं लक्ष नव्हतं. बद्रीनाथने बिल्ला उलटा करून मांडीवर दाबला, तसा ओला रंग धोतराला लागला. त्याने मान वर केली नाही. शेटला काय सांगायचं हे तो जुळवत होता: बोट दुखावलं म्हणावं, रंग खराब निघाला म्हणावं, तेलीच लबाड आहे म्हणावं. एकेक कारण तोंडाशी आणून तो बघत होता, आणि प्रत्येकात दुसऱ्याच कुणाचं तरी नाव येत होतं.

“शेटला सांगतो,” शेवटी तो मोठ्याने म्हणाला, “मला येत न्हाई म्हणून. दसऱ्याचं तुजं व्हतं, अन् तेल मी चुकीचं आणलं म्हणून.”

मागच्या दारातून दुर्गाबाई आली. हात ओले होते, ते तिने पदराला पुसले. “कधी सांगणार?”

“सांगतो. एकटा असला की.”

“हसले तवा तर सगळे व्हते.”

तिने वाकून त्याच्या मांडीवरचा बिल्ला काढून घेतला, त्यावरचा ओला रंग चिंधीने पुसला आणि गोणपाटावर इतर सामानाशेजारी ठेवला. मग सासूकडे वळून, उद्याचं दळण सांगावं तशी ती बोलली.

“उद्या शुक्रवार, सुटीचा वार. जिन बंद असतो, लव उडत न्हाई. हप्त्याची मजुरी घ्यायला मात्र सगळे येतेत. मी यांच्यासंगं आवारात जाणार अन् पेढीपुढं बसून रंग देणार. रंगाचा डबा हे धरतील, अन् शेटला काय सांगायचं ते तिथंच, सगळ्यांत सांगतील. झालं की वाळायला घरी आणू. आत्याबाई, दुपारच्या भाकरी तुमी थापा.”