तिसऱ्या गटानं टेप केलेला आवाज

माझी ही फजिती निम्म्या संगमनेर तालुक्याला माहीत आहे. तुम्हीच तेवढे राहिलात, तर चहा गार व्हायच्या आत सांगून टाकते. अट एकच, हसायचं ते शेवटी. कारण त्या दुपारी तिथं कुणीही हसत नव्हतं. एका माणसाचा उभा ऊस जळता जळता राहिला, आणि त्याला कारण मी.

गोष्ट मोबाईल यायच्या आधीची, नव्वद सालानंतरची. प्रवरेकाठच्या एका गावात मी प्राथमिक शाळेत बाई होते. संगमनेरहून रोज एसटीनं जायचे. घरी तान्हं बाळ होतं, आणि रात्र म्हणजे खेळायची वेळ अशी त्याची ठाम समजूत होती. शाळेत आम्ही दोघंच. एक मी आणि दुसरे मुख्याध्यापक. त्यांना सगळं गाव मोठे गुरुजी म्हणायचं.

त्या वर्षी तालुक्याला आमचं प्रशिक्षण झालं. साहेबांनी सांगितलं, शिक्षकानं कमी बोलायचं, मुलांनी जास्त करायचं. शाळेला मिळालेली यंत्रं कपाटात ठेवू नका, मुलांच्या हातात द्या, मुलं आपली आपण शिकतील. आमच्याकडे यंत्र म्हणजे एक टेपरेकॉर्डर. तो टॉवेलात गुंडाळलेला असे. दसऱ्याला बाहेर निघायचा, हळदकुंकू लावून घ्यायचा आणि परत आत जायचा.

मला वाटलं, आपण करून दाखवू. मोठ्या गुरुजींच्या मागे लागून मी तो बाहेर काढला, पदरचे सेल घातले आणि चौथीचे गट पाडले. प्रत्येक गटानं गावातला एक आवाज टेप करून आणायचा. बाकीच्यांनी तो ओळखायचा. ज्यांनी आणला त्यांनी उत्तर सांगायचं नाही. अगदीच कुणाला ओळखता आलं नाही, तर खुणा द्यायच्या, त्याही थोड्या थोड्या.

आणि मुलं काय रंगली म्हणून सांगू! पहिल्या गटानं पाणी उपसायचं इंजिन आणलं, दुसऱ्यानं दुधाच्या किटल्यांचा खडखडाट. जी पोरं एरवी तोंड उघडत नसत, ती हमरीतुमरीवर येऊन सांगत होती की हे इंजिन डिझेलचं नाही, विजेचं आहे. मी कोपऱ्यात उभी राहून फक्त बघत होते. साहेबांना बोलवून दाखवावं, असं मनात येत होतं.

तिसरा गट संगीताचा. चौथीतली सगळ्यात हुशार मुलगी, अबोल आणि नेमकी. मधल्या सुट्टीत ती आपल्या मैत्रिणींना घेऊन टेप करायला गेली. मी ऑफिसच्या खोलीत वह्या तपासायला बसले. सुट्टी संपली, संगीतानं टेप वर्गातल्या माझ्या टेबलावर ठेवला, कॅसेट मागे घेतली आणि बटण दाबलं.

आधी नुसती सळसळ आली. मग एक आवाज. खोल, घशातून आलेला, करवतीनं ओलं लाकूड कापावं तसा. खर्रर्र… मग थोडं थांबून पुन्हा खर्रर्र. जरा वेळानं आणखी जवळून.

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मग मागच्या रांगेतून एकजण हळूच म्हणाला, “बाई, ह्यो वाघ हाय.”

आमच्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात. त्या हिवाळ्यात अकोले तालुक्याच्या डोंगरातून बिबटे खाली उसात उतरल्याच्या बातम्या रोज येत होत्या. पलीकडच्या वाडीतून एक कुत्रं बिबट्यानं उचललं होतं. आणि आमच्या शाळेच्या मागच्या खिडकीला लागून बापूराव नावाच्या शेतकऱ्याचा ऊस, माणूस बुडेल एवढा वाढलेला.

मी टेप बंद केला. आवाज शक्य तेवढा साधा ठेवून संगीताला विचारलं की हे कुठं टेप केलं.

“शाळंच्या मागं, बाई. खिडकीखाली.”

“तुला ते दिसलं?”

तिनं माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग म्हणाली, “दिसलं.”

“केवढं होतं?”

तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “तुमच्याएवढं.”

पुढचं मी विचारलंच नाही. कडी लावली, मागची खिडकी बंद केली, पहिली-दुसरीची पोरं आमच्या खोलीत आणली आणि मोठ्या गुरुजींना ऐकवलं. त्यांनी दोनदा खर्रर्र ऐकलं आणि टोपी काढून घाम पुसला. लहान पोरं रडायला लागली म्हणून मी टेप पुन्हा बंद केला. दूध संस्थेत गावातला एकुलता एक फोन होता. गुरुजी हातात काठी घेऊन तिथं गेले आणि वनखात्याला निरोप दिला. परत येईपर्यंत अख्खा गाव त्यांच्या मागे होता.

मग एकेक वाढत गेलं. माणसं कोयते, काठ्या, पत्र्याचे डबे घेऊन आली. ऊसतोडीची टोळी शेजारीच पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, घालून राहिली होती. त्यातल्या बाया पोरं काखेला मारून शाळेत शिरल्या. कुणी म्हणालं ओढ्याला पायाचे ठसे आहेत. कुणी म्हणालं एक नाही, दोन आहेत. जो येई तो मला ऐकवायला सांगे, मी कॅसेट मागे घेऊन वाजवत असे, खर्रर्र झालं की बाया किंचाळत आणि मी बंद करत असे. तिसऱ्या गटाच्या पोरी भिंतीला चिकटून बसल्या होत्या. चेहरे पांढरेफटक. मी त्यांना जवळ घेऊन पाणी पाजलं. संगीता काहीतरी बोलायला गेली, तर मी म्हटलं, “काही बोलू नकोस बाळा, घाबरलीयस तू.”

डबे वाजवून काही बाहेर येईना. तेव्हा कुणीतरी म्हणालं, ऊस पेटवा. एका बाजूनं पेटवला की जनावर नदीकडे पळेल.

बापूराव आडव्या अंगाचा, मोठ्या आवाजाचा माणूस. पण त्या वेळी तो आपल्या उसाकडेच बघत राहिला. “उभा ऊस हाय,” तो म्हणाला. “लेकरावानी वाढीवलाय. सोताच्या हातानं कसा पेटवू?”

टोळीतली एक बाई कडेवरचं पोर त्याच्यापुढं धरून म्हणाली, “आन हे माझं लेकरू न्हाई का?”

बापूरावानं मान खाली घातली आणि पाचटाची पेंढी मागितली. कुणीतरी ती रॉकेलात बुडवून त्याच्या हातात दिली, पेटवली. मोठे गुरुजी माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, “बाई, खात्री आहे ना? माणूस बरबाद होईल.”

“मी स्वतः ऐकलंय, गुरुजी,” मी म्हटलं.

तेवढ्यात मोटरसायकलवरून वनरक्षक आला. पेटती पेंढी बघून त्यानं आधी सगळ्यांना थांबवलं आणि म्हणाला, मला आवाज ऐकू द्या. टेप व्हरांड्यात आणला. गावानं भोवती कडं केलं. बापूराव पेंढी उंच धरून उभा. आवाज पूर्ण मोठा करून मी बटण दाबलं.

खर्रर्र.

वनरक्षकानं डोळे मिटून ऐकलं. मग मान हलवली. “बिबट्याच. नर आहे. पूर्ण वाढलेला.”

गर्दीतून एक हुंकार गेला. बापूराव उसाकडे वळला. मी सवयीनं टेप बंद करायला हात पुढे केला, तर वनरक्षकानं थांबवलं. जनावर चालतंय की बसलंय, ते त्याला ऐकायचं होतं.

खर्रर्र… खर्रर्र… मग एकदम शांत. मग ओठांनी मिटक्या मारल्यासारखा आवाज. आणि मग, सगळ्या गावाला स्वच्छ ऐकू येईल अशी, एका बाईची झोपाळलेली कुरकुर: “आता तुम्ही घ्या हो याला… मला शाळा आहे उद्या…”

त्यामागून पोरींचं दाबून हसणं. आणि पुन्हा खर्रर्र.

ऑफिसची मागची खिडकी, तिच्याखालचं टेबल, वह्यांवर टेकलेलं डोकं, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. वनरक्षक टेपकडे बघत राहिला, मग माझ्याकडे, आणि मग फार सभ्यपणे जमिनीकडे. बापूरावानं पेंढी मातीत घातली आणि पायानं विझवली.

मी संगीताला विचारलं, अगं, सांगितलं का नाहीस?

ती रडवेली झाली. “तुमीच म्हनला हुता बाई, उत्तर आपुन सांगायचं न्हाई. मी खुणा दिल्या. तुमाला वळखूच येईना.”

तेव्हा पहिल्यांदा बापूराव हसला. तो हसला आणि मग सगळा गावच. टोळीतली ती बाई हसता हसता खाली बसली. मोठे गुरुजी टोपीत तोंड लपवून वर्गातल्या मागच्या खिडकीकडे गेले आणि बराच वेळ बाहेर बघत राहिले, खिडकी बंद होती तरी.

संध्याकाळच्या एसटीनं मी घरी आले. कुणाला काही सांगायचं नाही असं ठरवून. पण कंडक्टर त्याच गावचा, आणि माझा नवरा स्टँडवर मला घ्यायला आलेला. दोघं काहीतरी बोलले. नवऱ्यानं मला घरी आणलं. बाळाला माझ्याकडे देताना त्यानं विचारलं, “वनखात्याचा माणूस नेमकं काय म्हणाला?”

मी म्हटलं, “नर आहे म्हणाला. पूर्ण वाढलेला.”

नवऱ्यानं समाधानानं मान हलवली.

“लग्न झाल्यापासून मी एकटाच सांगतोय,” तो म्हणाला. “आज सरकारनं मान्य केलं.”