कटाच्या आमटीतला कट

आमच्या घरी नैवेद्य दाखवेपर्यंत स्वयंपाकाची चव घ्यायची नाही. देवाआधी जीभ लावली की ते उष्टं. एरवी हा नियम आम्ही काकू बघत असली की पाळतो, नसली की पुरणाची वाटी हलकी होते. पण यंदा मुलुंडला काकूकडे गौरी जेवल्या, त्या दिवशी सगळ्यांनी तो प्रामाणिकपणे पाळला आणि त्यानेच वाट लागली.

केमोने काकूच्या जिभेची चव पार गेली होती. बासुंदी काय, ताक काय, तिला सगळं पांढरं लागायचं. माझा चुलतभाऊ, म्हणजे तिचा मुलगा, सुचवून बसला, "आई, यंदा पोळीभाजी केंद्रातून ताटं मागवू ना. तू नुसती बस."

"माझे हात चालतायत तोवर गौरी माझ्या हातचंच जेवणार," काकू म्हणाली. "एक पदार्थ बिघडू दे, मग खुशाल फोन कर तुझ्या केंद्राला. ओट्यापाशी फिरकणारसुद्धा नाही मी."

ती बोलली तसं करणारी बाई आहे. केस गेले तेव्हा ती रडली नव्हती, पण दवाखान्यातून आल्यावर सुनेने डब्यांच्या जागा बदललेल्या पाहून रडली होती. तिच्याकडून ओटा काढून घेतला तर उरेल काय, या विचाराने मला खरोखर धडकी भरली. काहीही करून त्या दिवशी एकही पदार्थ बिघडता कामा नये होता.

काकू साडी बदलायला आत गेली. गॅसवर कटाची आमटी उकळत होती. डाळ चाळणीत, पुरण परातीत, कट पातेल्यात, सगळं जिथल्या तिथे. मीठ मात्र ती हमखास विसरली असणार. इतके महिने अळणी खाणाऱ्या माणसाला मीठ कुठून आठवणार? मी चमचाभर टाकलं, ढवळलं आणि सोज्ज्वळ चेहऱ्याने बाहेर आले. दारात वहिनी भेटली, काकूची सून. तिचाही चेहरा तसाच सोज्ज्वळ होता. मला शंका यायला हवी होती.

नैवेद्य झाला, पंगत बसली. बोरिवलीची आत्या स्पष्टवक्ती. हिने नवरदेवाच्या तोंडावर मांडवाला नावं ठेवलेली. तिने आमटीचा पहिला भुरका मारला आणि तिचे डोळे कपाळात गेले. 

"झकास झालीय," आत्या म्हणाली आणि तांब्याकडे हात नेला.

मग मीही भुरका मारला. समुद्र परवडला. तरी सगळे मान डोलवत राहिले, भातावर भात घेत राहिले. भाऊ तर बिचारा "अजून वाढ" म्हणाला.

काकू शांतपणे वाढत होती. "वन्सं, तुम्हाला शुगर आहे ना? हा तिसरा भात." मग तिने रिकाम्या तांब्याकडे पाहिलं. "आमटीत मीठ कोणी घातलं?"

 वहिनी पुटपुटली, "थोडंसंच, आई." मग मी. मग देवासमोर बसलेले काका खाकरले, "मीपण जरा... म्हटलं, तू विसरशील."

"मी घातलं होतं," काकू म्हणाली. "चव गेलीय माझी, अक्कल नाही." ती भावाकडे वळली. "फोन ठेव खिशात. पदार्थ तुम्ही बिघडवलात, मी नाही. पुढच्या गौरींना स्वयंपाकघराला आतून कडी लावणार आहे मी."

पुढच्या गौरींना. रिपोर्ट आल्यापासून आमच्या घरात 'पुढच्या' हा शब्द कोणी तोंडातून काढला नव्हता. डॉक्टरांनीही नाही.

काकांनी उपरण्याने डोळे पुसले. "फारच खारट झालीय गं," ते म्हणाले, आणि वाटी पुढे केली.