सणाचं पाणी

उटण्याचा तो कडसर, ओला सुगंध, चुलीवरच्या हंड्यातून उठणारी वाफ आणि ओलसर सरपणाचा डोळ्यांना झोंबणारा धूर! साऱ्या जगाला त्यात दिवाळी भेटते. माझ्या मात्र कपाळाची शीर तडतडते. तुम्ही म्हणाल, सणासुदीला हा कसला संताप? ऐका तर.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरमाथ्यावर आमची वाडी. धाकटी बहीण गोदी वयात येऊ लागली तसा तिचा कणा एका अंगाला वळत गेला. एक खांदा वर, दुसरा खाली. आईने ग्रहण पाळले नाही, असे वाडीने निदान करून टाकले. पोरीचे मागणे तरी केवढे? इतर मुलींसारखा भरला हंडा डोक्यावर घेऊन ओढ्यावरून घरी यावे, एवढेच.

मी महाडच्या शाळेत मास्तर. तिला मुंबईच्या इस्पितळात नेले. तिथल्या शल्यविशारदाने पट्ट्यांनी ताणून तिचा कणा सरळ केला, तिच्याच नडगीचे हाड काढून कण्याला जोडले आणि काखेपासून कमरेपर्यंत प्लास्टरचे कवच चढवले. हाड जुळेपर्यंत प्लास्टरला पाणी लागता कामा नये, ही त्याची आज्ञा. ती मी घरात प्रत्येकाला बजावली. आणि आमच्या माणसांनी ती किती निष्ठेने पाळली! कोसळत्या पावसात छपर गळे तसतशी तिची खाट हलवीत. आमच्या घरातच राहणारी आत्या तिच्यावर इरले धरून तिला परसात नेई. सारा पावसाळा पोर कोरडी राहिली.

मग नरकचतुर्दशी आली. त्या पहाटे जो न्हात नाही तो नरकात जातो. पोरीवर आधीच देवाचा कोप, त्यात ही भर कशाला? आत्याने गोदीला पाटावर बसवले, प्लास्टरवरून उटणे चोळले आणि ऊन पाण्याचे तांब्यावर तांबे ओतले. पाडव्याला मी पोचलो तेव्हा कवच खचून चुलीच्या धगीला वाकडेच वाळले होते, आणि आत गोदीही वाकली होती. आत्या शांतपणे म्हणाली, “सणाचं पानी बाधत नाय रे.”

मी तांब्या भिंतीवर भिरकावला. पण रागवायचे कुणावर? हे अज्ञान द्वेषाने आले असते तर त्याचे नरडे धरता आले असते! ते आले मायेने, पाणी फार कढत तर नाही ना, हे आपल्या मनगटावर पाहून. जोडलेले हाड निखळले होते. पाठ पुन्हा उघडायला मुंबईचा शल्यविशारद धजला नाही, आणि मी आत्याशी ती मरेपर्यंत धड बोललो नाही. आजही त्याचा मला पश्चात्ताप होत नाही.

आता दिवाळीला वाडीवर गेलो की पाणी गोदीच तापवते. अर्धी कळशी कमरेवर टेकवून, कलत कलत, ओढ्यावरून तीच आणते. उटणेही तीच मला लावते. तोच वास, तीच वाफ. रागाने माझे अंग आपोआप आकसून पुढे वाकते. तिचा खरखरीत हात माझ्या कण्यावरून एकेक मणका चाचपत सावकाश खाली उतरतो.

“वाकू नको रे दादा,” ती म्हणते, “ताठ बस.”

मी ताठ बसतो.