नवऱ्याचं नाव

"यादीत गंगूबाई दोन आहेत. नवऱ्याचं नाव सांगा," मतदानाचा साहेब तिसऱ्यांदा म्हणाला. ग्रामपंचायतीला माझे दीर पाटलाविरुद्ध उभे होते आणि माझे ओठ उघडत नव्हते. नवऱ्याचं नाव आम्ही बाया घेत नसू.

टेबलापाशी पाटलाचा माणूस हसला. "काऊन वो वयनी, उखाणा घेता का? साहेब, ही मोतीरामची बायको. इचं मत सकाळीच झालं."

"नाही जी, ती दुसरी गंगूबाई," मी म्हटलं.

"मग नाव सांगा."

मी परत फिरले. दीर एका मतानं पडले.

आज मतदानाला बोटावर शाई लावली, तेव्हा त्या खोलीत येत होता तोच वास आला. तेव्हा वाटलं होतं, मी रीत पाळली. पाटलाच्या माणसाला ती रीत माझ्याहून चांगली ठाऊक होती.

त्या खोलीतली आता मी तेवढी जिवंत आहे.