झाकणावरची चिठ्ठी

आमच्या घरातली प्रत्येक चूक माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलेली असते.

माझी मुलगी प्रणाली पोलीस भरतीची तयारी करत होती. ग्राउंड (धावण्याची चाचणी) वाशीमला, वीस दिवसांवर. वयाच्या अटीमुळे ही शेवटचीच संधी. तिच्या सरांनी नागपूरहून एक पाकीट मागवून दिलं : पालक, शेवगा वगैरे पाल्यांची पावडर, व्यायामानंतर दुधातून घ्यायची. वास व्हॅनिलाचा! (पालकाला व्हॅनिला कोणी लावला, देव जाणे.)

उघडं पाकीट मला बघवत नाही. तिसऱ्या दिवशी मी ती पावडर स्टीलच्या डब्यात ओतली. शेजारी तसाच दुसरा डबा होता, हरभऱ्याच्या वाळवलेल्या आंबटसर पालेभाजीचा. एरवी आम्ही ती हातानं चुरून ठेवतो. यंदा जागा वाचावी म्हणून मी मिक्सरमधून काढली होती. दोन्ही डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. डब्यांवर नव्हे, झाकणांवर! मग झाकणं काढली, पुसली आणि व्यवस्थित लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रणाली ओरडली, "आई वं, दूध फाटलं!"

"दुसरं घे."

"तेबी फाटलं! अन् पावडर आंबट लागून राह्यली."

"पाकिटाच्या तळाची तशीच असते. पाण्यातून घे," मी अधिकारवाणीनं सांगितलं आणि दूधवाल्याला दारात गाठलं.

"भाऊ, दूध शिळं देता काय?"

"ताई, हेच दूध चार घरी जाते. त्याइचं काहून फाटत नाही?"

या उद्धटपणाबद्दल मी त्याला बंद केलं. नव्या माणसाचंही दूध फाटलं. त्यालाही बंद केलं. तिसरा आमच्या गल्लीतून सायकल जोरात मारत जाऊ लागला.

इकडे मी बेसन लावून, लसणाची फोडणी देऊन हरभऱ्याची भाजी केली.

"सूनबाई, भाजी गोड काहून लागते वं? गूळ टाकला का?" सासूबाईंनी विचारलं.

"यंदाचा हरभराच गोड आहे," मी म्हणाले. मामंजींना मात्र ती फार आवडली. त्यांच्यासाठी आठवड्यात चारदा केली.

बाराव्या दिवशी, रविवारी, एरवी वेगळं खाणारी प्रणाली आमच्यासोबत जेवायला बसली. पहिला घास घेतला आणि थांबली.

"आई, भाजीले व्हॅनिलाचा वास कायले येते?"

मी उठले. दोन्ही डबे उघडून हुंगले. 'पावडर' लिहिलेल्यात हरभरा होता. दुसऱ्यात काहीच उरलं नव्हतं!

"म्हणजे मी नऊ दिवस हरभऱ्यावर धावून राह्यली?"

"पौष्टिकच असतो तो," मी म्हणाले. मग सगळेच मला बोलू लागले.

"काहून बोलता तिले?" मामंजी म्हणाले. "माहे गुडघे लय हलके झाले बा!"

नवं पाकीट वेळेत येणार नव्हतं. प्रणालीनं शांतपणे पाणी प्यायलं. "आई, आता आठ दिवस माह्या कोण्याच गोष्टीले हात लावू नको. मदतबी करू नको."

ते आठ दिवस फार जड गेले. तिनं बॅग स्वतः भरली, उकडलेली अंडी स्वतः बांधली, पहाटेची बस स्वतः पकडली. मी ओट्यापासून लांब, खुर्चीवर हात बांधून बसले होते.

दुपारी फोन आला. "आई वं, ग्राउंड निघालं! सर म्हणे, इतकं चांगलं कशानं धावली?"

"मग काय सांगितलंस?" मी जरा सावरून बसले.

"खरं तेच सांगितलं. या आठ दिवसांत आईनं काहीच केलं नाही."