भाकर ठेचा, ताजा कांदा

ढोल मागायला गेलेल्या भागवत सरांना दुसऱ्या शाळेत नको ते ऐकू आलं, आणि तिथून त्यांचा अख्खा आठवडा बिघडला.

तसा तो आठवडा आधीच धावपळीचा होता. शनिवारी शाळेचं स्नेहसंमेलन, आणि त्याच कार्यक्रमात तबल्याचे सर ख्वाजामियाँ यांना निरोप. वाद्यवृंद बसवायचं काम भागवत सरांच्या गळ्यात. पेटी, बासऱ्या, बुलबुलतरंग, झांजा आणि ते वाजवणारी पाचवी ते नववीची पोरं. त्यात मोठ्या ढोलाचं कातडं ऐन वेळी फाटलं. मुख्याध्यापक राधेश्याम सरांनी सुचवलं, की अंबड रोडला नवी शाळा झालीय, तिथं बघा. संमेलनाच्या दिवसांत शाळा एकमेकींना वस्तू देतातच.

ख्वाजामियाँ आणि भागवत सर एकाच वर्षी शाळेत लागले होते. ख्वाजामियाँ मस्तगडचे, वयानं थोडे मोठे. सर पिंपळगाव रेणुकाईहून शहरात आलेले. एकानं पेटी धरली, दुसऱ्यानं तबला, आणि पुढची सतरा वर्षं शाळेची प्रत्येक प्रार्थना या दोघांच्या हातांतून गेली. गेल्या महिन्यात ख्वाजामियाँनी राजीनामा दिला. गुडघे गेले, जिना चढवत नाही, आता घरीच बसतो, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. दिवाळीपासून ते आठवड्यातल्या दोन दुपारी शेक घ्यायला जात. त्या दुपारचे त्यांचे तास भागवत सर घेत, हातानं पेटी वाजवून पायानं ताल धरत. रोज सकाळी त्यांच्या तबल्याची पिशवीही सरच वरच्या मजल्यावर नेऊन ठेवत. त्याचं त्यांना काही वाटत नसे. माणूस आपला होता.

सोमवारी सकाळी नव्या शाळेचा शिपाई सरांना संगीताच्या वर्गाकडे घेऊन निघाला. वर्ग दुसऱ्या मजल्यावर होता. अर्ध्या जिन्यातच पोरांचा आवाज आला:

“भा-कर ठे-चा, ता-जा कां-दा.”

सर कठडा धरून उभे राहिले.

हे शब्द पुस्तकातले नव्हते. फार वर्षांपूर्वी पोरांना आठ मात्रांच्या केरवा तालाचे बोल जमेनात, ‘धा गे ना ती, ना क धी ना’ म्हणताना कुणी सातव्या मात्रेवर थांबे, कुणी नवव्या. एका मधल्या सुट्टीत दोघं सरांच्या घरचा डबा खात बसले होते. ख्वाजामियाँनी डब्याच्या झाकणावर बोटं वाजवत समोर जे होतं तेच ठेक्यात म्हटलं, सरांनी त्याला कांदा जोडला. दुसऱ्या दिवशी वर्गात तेच म्हणून घेतलं. पोरं हसली, पण ठेका बसला तो बसलाच. ही रीत या दोघांखेरीज कुणाकडे नव्हती.

आणि वरची पोरं ते शब्द दुप्पट लयीत म्हणत होती, एकही अक्षर न सांडता. दुप्पट लय आठ दिवसांत येत नाही. तिला दोन-तीन महिने लागतात. दिवाळीपासून तेवढेच झाले होते.

“नवे तबला सर हायेत,” शिपाई कौतुकानं म्हणाला. “दोनच दुपारी येतात, पण पोरायला येड लावलंय. पुढल्या महिन्यापासून रोज येणार.”

सरांनी नाव विचारलं नाही. विचारलं असतं तर ऐकावं लागलं असतं. ढोल त्यांनी शिपायालाच खाली आणून द्यायला सांगितला.

घरी त्यांनी बायकोला, मीनाताईंना, सांगितलं. त्यांचं म्हणणं, सरळ तोंडावर विचारा आणि मोकळे व्हा. सर तयार होईनात. नोकरी बदलणं हा गुन्हा नव्हे, पण आपल्याला सांगणं हे ख्वाजाभाईंचं काम आहे. शनिवारपर्यंत वाट बघतो, म्हणाले.

मंगळवारी नेहमीसारखी पिशवी वर नेताना सरांनी त्यांना सांगायला वाट करून दिली. “गुडघा कसा हाय, ख्वाजाभाई?”

“क्या बोलू, भागवत. एक जिना चढलो की रातभर ठणकून राह्यला.” आणि दुपारी ते शेक घ्यायला गेले.

बुधवारी दोन बासऱ्या तडकल्या आणि नववीतला झांजवाला तापानं पडला. सर त्या गडबडीत होते तरी दारात कुणी आलं की मान वर करत. गुरुवारी चहाच्या टपरीवर त्यांनीच विषय काढला. ढोल अंबड रोडच्या नव्या शाळेतून आणला, म्हणाले. ख्वाजामियाँचा कप ओठापाशी थांबला.

“अच्छी शाळा हाय म्हणतात,” ते म्हणाले, आणि टपरीवाल्याला साखर मागितली.

शुक्रवारी राधेश्याम सरांनी निरोपाचं भाषण भागवत सरांवरच टाकलं. तुमच्याइतकं त्यांना कोण ओळखतं, म्हणाले. सरांनी घसा बसल्याचं सांगितलं. ते काम मग मराठीच्या पुष्पाबाईंकडे गेलं. पोरांनी आपसात ठरवून भेटवस्तूही आणली होती: गुडघ्याला बांधायचे दोन गरम पट्टे.

शनिवारी मांडव भरला. शाल झाली, नारळ झाला. पुष्पाबाई दुखऱ्या पायांनी केलेल्या सेवेवर छान बोलल्या. पट्टे हातात घेताना ख्वाजामियाँचे डोळे भरून आले. ते पाणी खोटं नव्हतं, एवढं सरांना पेटीमागूनही दिसलं, आणि त्यामुळे त्यांना जास्तच राग आला.

मग वाद्यवृंद. सरांनी वादन सुरू न करता पोरांना आधी ठेका म्हणायची खूण केली. तालमीतली ही गोष्ट मंचावर कधी होत नसे. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं आणि खणखणीत सुरुवात केली. भाकर ठेचा ऐकून मांडव हसला, टाळ्यांनी ठेका धरू लागला. खुर्चीतल्या ख्वाजामियाँची बोटं आपसूक गुडघ्यावर वाजायला लागली.

सरांनी हात वर केला. दुप्पट.

पोरं धावत सुटली तशी ती बोटं थांबली. ख्वाजामियाँनी सरांकडे पाहिलं. सर पेटीकडे बघत होते.

कार्यक्रम संपल्यावर ख्वाजामियाँ पिशवी घेऊन मंचावर पडद्यामागं आले. “कवा कळालं?”

“ढोल आणायला गेल्तो तवा. तुमचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर हाय, ख्वाजाभाई.”

ख्वाजामियाँनी पिशवी खाली ठेवली. “तुला सांगितलं असतं तर तू जाऊ नका म्हणला असता. मंग मी गेलो नसतो.”

हेच वाक्य दिवाळीत आलं असतं, तर सरांनी ते जन्मभर जपून ठेवलं असतं. “शाळा बदलली त्याचं काही न्हाई,” ते म्हणाले. “रोज सकाळी मी तुमचा तबला वर नेत होतो.”

सवयीनं सरांचा हात पिशवीकडे गेला, आणि त्यांनी तो मागं घेतला. ख्वाजामियाँनी पिशवी स्वतःच खांद्याला लावली आणि मंचाच्या पायऱ्या उतरू लागले. उतरताना ते उजवा पाय जपून टाकत होते. खरंच दुखत होता की तीन महिन्यांची सवय लागली होती, हे सरांना ओळखता येईना. सतरा वर्षं त्या माणसाचा एकेक श्वास त्यांना न सांगता कळत होता.

ढोल सोमवारी परत पोचवायचा होता. तो आपल्या शाळेच्या शिपायाच्या हाती पाठवायचं सरांनी ठरवलं.